आई-बाबांची देणगी नुसत्या पावतीवर संपू नये म्हणून काय करायचं, कुठल्या क्रमाने करायचं

घरातलं मोठं माणूस एकटं पडलंय हे लक्षात आलं की बरेच जण एकच गोष्ट करतात. एखादी चांगली संस्था शोधतात, आई-बाबांच्या खात्यातून दर महिन्याला थोडे पैसे जातील अशी सोय करून देतात आणि मनाशी म्हणतात चला, चांगल्या कामाला हातभारही लागेल आणि यांनाही जरा बरं वाटेल. तीन महिन्यांनी विचारून बघा, बाबांना त्या संस्थेचं नावसुद्धा धड सांगता येत नाही. पैसे आपोआप जातात, आभाराचा ईमेल येतो तोही मुलाच्या मोबाईलवर, आणि बाबा होते तिथेच, खिडकीपाशी.

मी हेच आमच्या आत्याच्या बाबतीत केलंय म्हणून सांगतेय. चूक पैशांत नसते, क्रमात असते. आधी माणूस, मग वेळ, मग वस्तू, आणि पैसे सगळ्यात शेवटी. आपण बरोबर उलट्या टोकाकडून सुरू करतो कारण ते टोक सोपं आहे, मोबाईलवर दोन मिनिटांत होतं.

लारा एकनिन, एलिझाबेथ डन या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक साधा प्रयोग मांडला होता. लोकांना कॉफीच्या दुकानाचं गिफ्ट कार्ड दिलं. काहींनी ते स्वतःवर वापरलं, काहींनी दुसऱ्या कुणाला नुसतं देऊन टाकलं, आणि काहींनी दुसऱ्याला दिलं आणि त्याच्यासोबत त्या दुकानात जाऊन बसले. सगळ्यात खूश कोण, तर सोबत जाऊन बसलेले. कार्ड तेच, किंमत तीच. पुढच्या सगळ्या पायऱ्या ह्या "सोबत बसण्या"साठीच आहेत असं समजा.

## पायरी १: एकटेपणा कसला आहे ते आधी बघा

"तुला एकटं वाटतं का गं?" असं विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं, "मला काय धाड भरलीय!" आडून विचारायला लागतं. एकटेपणा मोजायची यूसीएलए स्केल नावाची प्रश्नावली १९७८ पासून वापरात आहे आणि २००४ मध्ये तिची तीन प्रश्नांची छोटी आवृत्ती आली, ती घरच्या घरी गप्पांच्या ओघात विचारता येते. एक, सोबतीला कुणी नाही असं किती वेळा वाटतं. दोन, आपल्याला बाजूला टाकलंय असं किती वेळा वाटतं. तीन, सगळ्यांपासून तुटल्यासारखं किती वेळा वाटतं. प्रत्येकाला क्वचित म्हणजे १, कधीकधी म्हणजे २, बरेचदा म्हणजे ३. बेरीज ३ ते ९ च्या मधे येते आणि ६ किंवा वर गेली तर साधारणपणे एकटेपणा आहे असं धरतात. हे काही निदान नाहीये, पण आकडा तारखेसकट कुठेतरी लिहून ठेवा, शेवटच्या पायरीत लागणार आहे.

आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे कशाची उणीव आहे ते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्येच दोन प्रकार वेगळे करून सांगितले होते. एकात जवळचं एक माणूस गेलेलं असतं, म्हणजे नवरा, बायको, जिवाभावाची मैत्रीण. दुसऱ्यात माणसांचा घोळकाच नाहीसा झालेला असतो, म्हणजे रिटायरमेंट झाली, घर बदललं, ओळखीचे लोक एकेक करून कमी झाले. देण्याघेण्याच्या कामातून दुसरी पोकळी बऱ्यापैकी भरते. पहिलीला मदत होते पण गेलेल्या माणसाची जागा कुठलीही संस्था घेत नाही, तेव्हा "आता तुला काम मिळालंय ना मग रडतेस कशाला" हे वाक्य घरात कुणी म्हणणार नाही याची काळजी घ्या.

थांबा आणि बघा: दोन आठवड्यांहून जास्त झोप नीट नाही, खाण्यावरची वासना गेलीय, आवडीच्या गोष्टीतही मन नाही, "आता जगून काय करायचं" असली वाक्यं येतायत, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर. आणि कान तपासून घ्या. ऐकू कमी आलं की माणूस चारचौघांत बसायचं टाळतो आणि आपल्याला वाटतं स्वभाव बदललाय.

## पायरी २: यांच्याकडे देण्यासारखं काय आहे त्याची यादी

ही यादी त्यांच्यासोबत बसून करायची, त्यांच्यासाठी परस्पर नाही. "तुला काय येतं" विचारलं की "मला काय येतंय आता" असंच येणार. त्याऐवजी विचारा, लोक तुझ्याकडे काय विचारायला यायचे? मग बघा कशी कळी खुलते. कुणाकडे हिशोब तपासून घ्यायला यायचे, कुणाकडे अर्ज लिहून घ्यायला, कुणाच्या हातात शिवणकाम, कुणाला बंद पडलेलं घड्याळ चालू करता येतं, कुणी नुसतं ऐकून घ्यायचं. "नुसतं ऐकून घ्यायचं" हेही यादीत लिहा, त्याला फार मागणी आहे.

मग दुसऱ्या बाजूला अडचणी लिहा, अगदी स्पष्ट. किती वेळ बसवतं, जिना चढवतो का, संध्याकाळनंतर नीट दिसतं का, बाथरूम जवळ लागतं का. ह्या शेवटच्या गोष्टीमुळे कितीतरी लोक घराबाहेर पडणं बंद करतात आणि कारण मात्र गुडघ्यांचं सांगतात.

पैसे यादीत सगळ्यात खाली लिहा. नाही लिहिले तरी चालेल आत्ता.

## पायरी ३: देणगीचं "काम" करा

एक कसोटी आहे: हे माणूस एका आठवड्यात आलं नाही तर कुणाच्या तरी लक्षात येईल का? लक्षात येणार असेल तर ते काम, नाहीतर ती नुसती पावती.

आत्याचं सांगते. तिच्या हाताला विणकाम येतं म्हणून नवजात बाळांसाठी लोकरीच्या टोप्या गोळा करणारी एक संस्था मी शोधली. तिने भराभर चाळीस टोप्या विणल्या, मी खोक्यात भरून कुरियरने पाठवल्या, तिकडून एक "थँक यू" आलं, हात जोडलेलं चित्र वगैरे, विषय संपला. आत्या पुन्हा टीव्हीसमोर. दुसऱ्या खेपेला कुरियरला उशीर होत होता म्हणून केवळ नाइलाजाने आम्ही दोघी स्वतः द्यायला गेलो. तिथल्या नर्सने एक टोपी उचलली, स्वतःच्या मुठीवर चढवली आणि सरळ सांगितलं, आजी, कड घट्ट होतेय, बाळाच्या कपाळावर वळ उठतो, सुरुवातीला थोडे टाके वाढवा. आत्याचा चेहरा पडला. परत येताना गाडीत एक शब्द नाही. मला वाटलं गेलं सगळं मुसळ केरात. रात्री बघते तर घरात राहिलेल्या सगळ्या टोप्या उसवून लोकरीचे गुंडे करत बसलेली, आणि दुसऱ्या दिवशी तिने स्वतः त्या नर्सला फोन लावला, किती टाके, डोक्याचा घेर किती, अगदी लहान बाळांना वेगळं माप लागतं का. त्यानंतर दर आठवड्याला दोघींचा फोन ठरलेला. चाळीस टोप्यांच्या आभाराने जे झालं नाही ते एका चुकीने झालं, कारण चूक काढणारी व्यक्ती त्या टोप्या खरंच वापरत होती.

तेव्हा जिथे कुणीतरी उलट बोलेल, दुरुस्ती सांगेल, "पुढच्या वेळी असं आणा" म्हणेल अशी जागा शोधा. काही नेहमी चालणारे प्रकार:

- ठरलेल्या दोन-तीन माणसांना दर आठवड्याला फोन. हाँगकाँगमधल्या एका चाचणीचे निकाल २०२४ मध्ये आले, त्यात स्वतः एकटेपणा सोसणाऱ्या ५० ते ७० वयाच्या लोकांना ट्रेनिंग देऊन दुसऱ्या एकट्या ज्येष्ठांना फोन करायला लावलं होतं, आणि फोन करणाऱ्यांचा स्वतःचा एकटेपणा कमी झाला. ऐकू नीट येत नसेल तर मात्र फोनचं काम देऊ नका.
- शाळेत मुलांना वाचायला मदत. अमेरिकेतल्या एक्सपिरियन्स कोअर ह्या कार्यक्रमाने ज्येष्ठांना शाळांमध्ये ह्याच कामासाठी नेलं.
- वस्तू दुरुस्ती, शिवण, पुस्तकांना कव्हरं, हिशोब. हात चालू असताना बोलणं आपोआप होतं, ज्यांना समोरासमोर बसून "गप्पा मारा" म्हटलं की अवघडायला होतं त्यांना हे बरं.

नेहमीची चूक: त्यांना व्यासपीठावर बसवून हार घालणे. एक दिवस छान जातो, दुसऱ्या दिवशी जास्तच ओकंबोकं वाटतं.

## पायरी ४: संस्थेला फोन करा, वेबसाइट बघून ठरवू नका

फोनवर हे विचारा, आणि उत्तरापेक्षा उत्तर देण्याची पद्धत ऐका. स्वयंसेवकांना भेटणारा ठरलेला माणूस कोण, की दर वेळी वेगळा? काम शिकवता की पहिल्याच दिवशी सोडून देता? तुमच्याकडे ७० च्या पुढचे किती लोक येतात? एखादा नेहमी येणारा आला नाही तर तुम्ही काय करता? ह्या शेवटच्या प्रश्नाला "आम्ही फोन करतो" असं पटकन उत्तर आलं तर ती जागा चांगली. तिथे शांतता पसरली आणि मग "तसं अजून झालं नाही कधी" असं आलं तर पुढचा नंबर लावा.

संस्थेची नोंदणी, हिशोब जाहीर आहेत का, पावती रीतसर मिळते का हे तुम्ही स्वतः तपासा. ह्या बोलण्यात देणगीच्या रकमेचा विषय कामाच्या आधी निघाला तर मला स्वतःला ते खटकतं.

सावध: एकटं माणूस हे भामट्यांचं आवडतं गिऱ्हाईक, कारण तो भामटा त्या दिवसात त्यांच्याशी गोड बोलणारा एकटाच असतो. एक नियम घरात पक्का करा आणि मोठ्या अक्षरात फोनजवळ चिकटवा: ज्याने आपल्याला फोन केला त्याला पैसे नाहीत. आपण शोधलेल्या नंबरवर आपण फोन केला तरच पुढचं. घाई करणारा, ओटीपी मागणारा, "घरच्यांना सांगू नका" म्हणणारा, गिफ्ट कार्डने पैसे मागणारा, ह्यातलं एकही दिसलं की फोन ठेवायचा. खऱ्या संस्थेला उद्या फोन केलेला चालतो.

## पायरी ५: पहिले चार आठवडे तुम्ही सोबत

इथे सगळ्यात जास्त गाडी अडते आणि लोक म्हणतात "आमच्या आईला आवडलं नाही". अहो आवडायला पोचली तरी पाहिजे ना. नवीन जागा, नवीन माणसं, कुठून आत जायचं माहीत नाही, कुणाला काय विचारायचं माहीत नाही, ऐंशीच्या घरातल्या माणसाला ह्याचा किती ताण येतो ते आपल्याला कळत नाही.

पहिल्या वेळी आत सोबत जा, बसा, पण काम त्यांना करू द्या, त्यांच्या वतीने बोलू नका. दुसऱ्या वेळी आत सोडून बाहेर थांबा. तिसऱ्या वेळी सोडून निघून जा आणि आणायला या. चौथ्या वेळी तिथल्याच कुणासोबत जाणं-येणं जमतंय का बघा. तेवढं जमलं तर निम्मं काम झालं, कारण रस्त्यातल्या गप्पांना कुठल्याही कार्यक्रमाची सर नाही.

आणि "आम्ही मुलांनी काय द्यायचं?" असं जे विचारतात त्यांच्यासाठी: जाण्यायेण्याचं भाडं द्या. संस्थेला देणगी द्यायची असेल तर तीही ह्यासाठीच द्या, म्हणजे ज्येष्ठ स्वयंसेवकांची ने-आण, फोनची बिलं, सगळ्यांना वेळा कळवणाऱ्या त्या एका कोऑर्डिनेटरचा पगार. इमारतीच्या भिंतीवर नाव लागतं म्हणून तिथे पैसे देणारे पुष्कळ असतात, गाडीभाड्याला कुणी देत नाही आणि नेमकं त्यासाठीच माणसं घरी बसतात.

तपासा: घरी आल्यावर "कसं झालं" विचारू नका, "बरं झालं" एवढंच मिळतं. "कोण कोण होतं?" विचारा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एखादं नाव यायला लागलं तर गाडी रुळावर आहे.

## पायरी ६: वेळ किती

कमीपासून सुरू करा पण फार कमीवर थांबू नका. अमेरिकेत ५० च्या पुढच्या लोकांवर झालेल्या २०१८ मधल्या एका अभ्यासात नुकताच जोडीदार गमावलेल्यांचा एकटेपणा आठवड्याला साधारण २ तास किंवा जास्त स्वयंसेवा सुरू केल्यावर कमी झालेला दिसला, त्याहून कमी वेळ देणाऱ्यांना तसा फायदा दिसला नाही. म्हणून महिन्यातून एकदा तासभर हे बरेचदा ना धड इकडे ना तिकडे होतं. पहिल्या महिन्यात आठवड्याला एक तास, मग दोन, वार आणि वेळ ठरलेली.

उलटी चूकही होते. उत्साही माणूस दिसलं की संस्था कामाचा ढीग टाकते, आणि मोठ्या माणसांना नाही म्हणायचा संकोच. दोन महिन्यांत थकून जातात आणि मग एकदम बंद. सुरुवातीलाच त्यांच्यासमोर कोऑर्डिनेटरला सांगून टाका, सध्या एवढंच, वाढवायचं तर ते स्वतः सांगतील.

## पायरी ७: आता पैसे

माणसं झाली, काम झालं, आता द्यायचेत तर जरूर द्यावे. आता त्या पैशाला चेहरा आहे, त्यांनाच दिसतंय की लोकर संपलीय किंवा शाळेत पुस्तकं फाटलीयत. रकमेचा ताण घेऊ नका. डन, एकनिन आणि मायकेल नॉर्टन यांच्या २००८ मधल्या प्रयोगात लोकांना ५ किंवा २० डॉलर खर्चायला दिले होते, दुसऱ्यावर खर्च करणारे दिवसअखेर जास्त खूश होते आणि रक्कम ५ होती की २० यानं फरक पडला नाही.

वर्षाची रक्कम त्यांच्याशी बोलून ठरवा, औषधपाणी आणि राहण्याच्या पैशाला हात न लावता. ती वेगळ्या छोट्या खात्यात ठेवा, म्हणजे कुणी फसवलंच तरी नुकसान तेवढ्यापुरतं. आपोआप कापले जाणारे हप्ते शक्यतो नको, त्यांनी स्वतः हाताने द्यावे, पावती स्वतः घ्यावी. मृत्युपत्र, घर, मोठी ठेव असले विषय पहिल्या वर्षात काढूच नका, आणि काढायचेच तर वकिलासमोर. आणि पैसे त्यांचे आहेत हे विसरू नका, दर पावतीला "कशाला दिलेस" म्हणून वाद घातलात तर ते लपवून देतील.

लक्ष ठेवा: एकाच ठिकाणी एकाच आठवड्यात दोन-तीनदा देणगी, दिलेली आठवत नाही, बिलं राहतायत, असं दिसलं तर रागावू नका, डॉक्टरांना दाखवा. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, निदान व्हायच्या ६ वर्षं आधीपासून बिलं थकायला लागलेली दिसली होती.

## पायरी ८: तीन महिन्यांनी परत तेच तीन प्रश्न

पहिल्या पायरीतला कागद काढा आणि तसेच गप्पांत विचारा. आकडा एक-दोनने खाली आला तर छानच. तेवढाच राहिला तर लगेच बंद करू नका, आधी बघा चुकलं कुठे. काम आवडतंय पण माणसं दर वेळी बदलतायत? मग संस्थेशी बोला. माणसं चांगली पण काम कंटाळवाणं? काम बदलून मागा. जाणं-येणंच नको होतंय? फोनवरचं काम बघा. वर गेला, चिडचिड वाढली, निघायच्या दिवशी पोट दुखतं, तर थांबवा.

थांबवायचंही नीट. अचानक जाणं बंद केलं तर तिकडचं माणूस वाट बघत बसतं आणि इकडे अपराधी वाटतं. शेवटची तारीख आधी सांगा, काम दुसऱ्या कुणाला समजावून द्या, आणि तिथे एखाद्याशी मैत्री झाली असेल तर तो नंबर तेवढा त्यांच्या डायरीत, त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या. आत्याचे डोळे आता विणकामाला साथ देत नाहीत, टोप्या बंद झाल्यात. नर्सचा फोन अजून येतो, हल्ली माप सांगायला नाही, लोकर कुठली घ्यायची ते विचारायला.